वॉर्डन रोडवरचा बंगला : भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटची हकिगत

कलाशिक्षण संपल्यावर काम करायचे कुठे, हा प्रश्न सावर्ड्यासारख्या गावातल्या मुलांपुढे फार लवकर उभा राहतो. महाविद्यालयात असेपर्यंत स्टुडिओ, ईझल, मातीचे पिंप, समोर बसलेले मॉडेल, सगळे हाताशी असते. पदविका हातात पडते त्या दिवशी ते सुटते. मुलगा किंवा मुलगी सावर्डा स्थानकावर गाडीत बसते आणि मुंबईला मामाच्या नाहीतर मावशीच्या खोलीवर उतरते. तिथे रात्री पथारी पसरायला जागा मिळाली तरी पुष्कळ. चार फुटी कॅनव्हास उभा कुठे करणार? तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस जातात; ओले चित्र रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून ठेवावे लागले की महिन्याभरात हात थांबतो. असे हात थांबलेले कितीतरी गुणी विद्यार्थी कोकणातल्या प्रत्येक कलाशिक्षकाला माहीत असतात.

म्हणून या स्मरणिकेत, आपल्या परिसरातल्या संस्थांच्या वाटचालीसोबत, मुंबईतल्या एका संस्थेचा इतिहासही नोंदवून ठेवावा असे मनापासून वाटले. ती संस्था आज नाही, तिची इमारतही नाही. तिने पदव्या दिल्या नाहीत, परीक्षा घेतल्या नाहीत. तिने खोल्या दिल्या. त्या खोल्यांतून पुढच्या काळातल्या भारतीय चित्रकलेचा आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मोठा भाग बाहेर पडला.

भुलाभाई देसाई हे नाव आज बहुतेकांना ब्रीच कँडीकडे जाणाऱ्या रस्त्यामुळे माहीत असते. मूळचे वलसाडचे, मुंबई हायकोर्टातले पहिल्या फळीचे वकील, मध्यवर्ती कायदेमंडळातले काँग्रेस पक्षाचे नेते. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सेहगल आणि धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा बचावाची बाजू त्यांनी मांडली. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी तो खटला लढवला आणि पुढच्या वर्षी, मे १९४६ मध्ये, ते गेले. त्यांचे चिरंजीव धिरूभाई स्वतंत्र भारताचे स्वित्झर्लंडमधले राजदूत झाले. तेही १९५१ मध्ये निवर्तले. मागे राहिल्या धिरूभाईंच्या पत्नी माधुरीबेन आणि वॉर्डन रोडवरचा समुद्राकडे तोंड केलेला तो प्रशस्त बंगला.

अशा बंगल्याचे काय करायचे, याची उत्तरे मुंबईत तेव्हाही ठरलेली होती. भाड्याने द्यायचा, नाहीतर विकून मोकळे व्हायचे. माधुरीबेननी सासऱ्यांच्या नावाने संस्था काढली आणि बंगला कलावंतांना वापरायला दिला. संस्थेचा रोजचा कारभार सोली बाटलीवाला पाहत. एकेकाळचे हे कम्युनिस्ट कार्यकर्ते, स्वातंत्र्याच्या चळवळीत तावूनसुलाखून निघालेले. कलावंत हा आश्रित नसतो, कामकरी असतो, ही जाण त्यांच्या व्यवहारात दिसते. खोलीचे भाडे नाममात्र ठेवले होते. काय काढले, किती काढले, विकले का, याचा हिशेब कोणी मागत नसे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे चित्रकारांची आणि नाटकवाल्यांची वर्दळ सुरू झाली होती.

त्यावेळच्या मुंबईत चित्रकार राहत कसे, हे लक्षात घेतल्याशिवाय या खोल्यांचे मोल कळणार नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले आरा वाळकेश्वरच्या एका लहानशा खोलीत राहून रंगवत. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरले होते. वासुदेव गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, जन्म १९२४ चा नागपूरचा. त्यांचे घर गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. चाळीतल्या खोलीत ज्याला एकांत मिळवायचा, त्याला तो डोळे मिटूनच मिळवावा लागतो. त्या माणसाला वॉर्डन रोडवर स्वतःची खोली मिळाली, दाराला आतून कडी घालता येईल अशी.

गायतोंड्यांच्या चित्रांची रीत माहीत असलेल्याला या खोलीचा अर्थ अधिक कळेल. पुढच्या काळात त्यांनी ब्रश जवळपास बाजूला ठेवला. रोलरने रंगाचा थर पसरायचा, रंगाच्या सुरीने तो ओढायचा, खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. एक थर पुरेसा सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि फार सुकला तर सुरी चालत नाही. म्हणजे चित्रकाराने हात न लावता नुसते पाहत बसायचे तास हे प्रत्यक्ष रंगवण्याच्या तासांहून जास्त. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पुरी होत. ही पद्धत खाटेखाली कॅनव्हास सरकवून जमणारी नव्हे. तिला सपाट जागा लागते, हवा लागते आणि घरात कोणी ‘आज काही केलेस का?’ असे न विचारणे लागते. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले आणि १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. मधल्या घडणीच्या वर्षांत ही खोली त्यांच्या पाठीशी होती.

शेजारपाजार तर विलक्षणच होता. हुसेन यांचा स्टुडिओ तिथे होता. गोव्यात जन्मलेल्या, १९५५ मध्ये जे. जे. चे सुवर्णपदक मिळवलेल्या प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, तिथे काम करत. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकून परतलेल्या नसरीन मोहमदी यांना याच बंगल्यात गायतोंडे भेटले. नसरीन यांच्या पुढच्या रेघांच्या, जवळजवळ निःशब्द चित्रांकडे पाहताना त्या भेटीची आठवण होतेच. १९५९ मध्ये बाळ छाबडांनी इथेच ‘गॅलरी ५९’ सुरू केली. त्या काळी मुंबईत नव्या चित्रांसाठी दालने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. स्टुडिओच्या शेजारच्या खोलीतच चित्र लोकांना दाखवता येऊ लागले, ही मोठी सोय झाली. आणि १९६४ ते १९६७ या काळात जे. जे. मध्ये शिकत असतानाच नलिनी मालाणी यांना इथे जागा मिळाली. नामवंतांच्या रांगेत एका विद्यार्थिनीलाही खोली मिळते, ही गोष्ट मला या संस्थेच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. नाव झाल्यावर जागा देणारे पुष्कळ भेटतात.

बंगल्यात फक्त चित्रकार असते, तर ती एक चांगली स्टुडिओंची चाळ झाली असती. पण इथे जिन्याच्या एका बाजूला रंगाचा वास आणि दुसऱ्या बाजूला तालमीचा आवाज होता. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी १९५४ मध्ये थिएटर युनिट काढले. त्यांचे नाट्यशिक्षणाचे वर्ग आणि तालमी इथे चालत. नट म्हणजे आवाज आणि पल्लेदार वाक्ये एवढीच समजूत असलेल्या मुंबईत अल्काझी आपल्या विद्यार्थ्यांना चित्रे पाहायला लावत, शरीराची शिस्त लावत, नेपथ्याची रेघ कुठे का येते याचा विचार करायला लावत. चित्रकार शेजारीच असल्यावर हे शिक्षण पुस्तकी राहत नाही. त्यांच्याकडे शिकलेल्यांत एक मराठी मुलगी होती, विजया जयवंत. पुढच्या विजया मेहता.

१९६० मध्ये विजयाबाईंनी ‘रंगायन’ सुरू केली. विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी माणसे भोवती जमली आणि या संस्थेचेही बिऱ्हाड भुलाभाईंच्या बंगल्यात आले. तोवरचे मराठी नाटक मोठ्या थिएटरचे होते: तिकीटविक्री, दौरे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. रंगायनने सभासदांपुरते, मोजके प्रयोग करण्याचा मार्ग घेतला. प्रेक्षक इतका जवळ आला की नटाने नुसती मान वळवली तरी ती दिसावी. युजीन आयनेस्कोचे ‘खुर्च्या’ मराठीत झाले ते याच काळात. दोन म्हातारी माणसे रिकाम्या खुर्च्या मांडत राहतात आणि न आलेल्या पाहुण्यांनी रंगमंच भरून जातो. असले नाटक पहिल्याच रात्री हजार लोकांपुढे नेले असते, तर काय झाले असते याची कल्पना करता येते. लहान जागेने, ओळखीच्या प्रेक्षकाने त्याला उभे राहायला वेळ दिला. तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ रंगायनने १९६३ मध्ये केले. आपल्या कोकणचे चिं. त्र्यं. खानोलकर, कवितेतले आरती प्रभू, यांचे ‘एक शून्य बाजीराव’ १९६६ मध्ये रंगायननेच मंचावर आणले. वेंगुर्ला-कुडाळच्या मातीतून मुंबईत आलेल्या या कवीच्या भाषेला, तिच्या वेड्यावाकड्या झेपेला, धंदेवाईक रंगभूमीवर जागा मिळणे अवघडच होते. १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांनी केले आणि सुलभा देशपांडे बेणारेबाई झाल्या, तेही रंगायनचेच.

संगीतही होते. पंडित रविशंकर यांनी १९६२ मध्ये ‘किन्नर’ ही संगीतशाळा मुंबईत काढली ती इथेच. एका घरात रंग, नाट्य आणि सतार. कोण कोणाकडून काय शिकले याचे पुरावे कागदावर सापडत नाहीत, पण दुपारच्या चहाला जे एकत्र बसतात त्यांच्या कामात एकमेकांचे काहीतरी उतरतेच.

कलावंतांना घर देण्याची ही कल्पना मुंबईने शोधून काढली असे नव्हे. तिचा एक जुना आणि मोठा नमुना रोममध्ये आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, त्याचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने, १६६६ मध्ये रोमला फ्रेंच अकादमी स्थापन झाली. बारा तरुण चित्रकार, शिल्पकार, वास्तुशिल्पी सरकारी खर्चाने तिथे राहत. प्राचीन मूर्तींच्या आणि मोठ्या चित्रकारांच्या कामाच्या नकला करून मायदेशी पाठवत. जागा बदलत गेल्या, क्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये जमावाने अकादमी लुटली आणि १८०३ मध्ये नेपोलियनच्या काळात ती पिंचो टेकडीवरच्या व्हिला मेदिचीत आली. ती आजही तिथेच आहे. हा व्हिला कार्डिनल फेर्दिनांदो दे मेदिची याने १५७६ मध्ये घेऊन अम्मानाती या वास्तुशिल्पीकडून सजवून घेतलेला. शहराकडची बाजू किल्ल्यासारखी कोरी. बागेकडच्या भिंतीवर मात्र प्राचीन रोमन उठावशिल्पे जडवलेली. वेलास्केसने इथल्या बागेची दोन छोटी चित्रे रंगवली आहेत. गॅलिलिओला १६३३ च्या शिक्षेनंतर काही दिवस याच घरात ठेवले होते.

तिथे प्रवेश मिळायचा तो ‘प्री द रोम’ या स्पर्धेतून. चित्रकार दाव्हिदला हे पारितोषिक पुन्हा पुन्हा हुकल्यावर १७७४ मध्ये मिळाले. संगीतकार राव्हेलने पाच वेळा प्रयत्न केला. १९०५ मध्ये त्याला पहिल्याच फेरीत बाद केले तेव्हा पॅरिसमध्ये एवढा गदारोळ उठला की तिथल्या संगीत महाविद्यालयाचा प्रमुख बदलला. संगीतकार दब्युसी जिंकला, १८८५ मध्ये व्हिलात राहायला गेला आणि किमान मुदत भरताच परतला. तिथले वास्तव्य त्याला कोंडवाडा वाटले. स्त्रियांना हे दार फार उशिरा उघडले. १९११ मध्ये लुसिएन हवल्मान्सला शिल्पासाठी आणि १९१३ मध्ये एकोणीस वर्षांच्या लिली बुलांजेला संगीतासाठी पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये ही स्पर्धाच बंद झाली. चित्रकार बाल्थस तेव्हा अकादमीचा संचालक होता. इमारतीच्या भिंती आणि बाग त्याने आपल्या हाताने नव्याने जुळवून आणल्या. पुढे लेखक, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांनाही जागा मिळू लागली.

वॉर्डन रोडवर स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते, वर्षाअखेर पाठवायची चित्रे नव्हती. निवड माधुरीबेन आणि बाटलीवाला यांच्या नजरेने होई. त्या नजरेने चोखंदळपणाही दाखवला आणि मोकळेपणाही. दब्युसीला जे रोममध्ये सोसावे लागले ते इथे कोणाला सोसावे लागले नाही. पण रोमची अकादमी राजा गेला, साम्राज्य गेले, किती सरकारे आली-गेली तरी टिकली. मुंबईची संस्था दोन दशकांच्या आसपासच चालली. रोमला व्हिला सरकारच्या नावावर होता, खर्च अंदाजपत्रकात होता. वॉर्डन रोडला सारा भार एका कुटुंबाच्या औदार्यावर आणि दोन-तीन माणसांच्या आयुष्यावर होता. समुद्रासमोरच्या त्या जमिनीची किंमत दरवर्षी वाढत होती. माणसे थकली, काळ बदलला आणि अखेर बंगला पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली. याबद्दल कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. इतकी वर्षे ज्यांनी पदरमोड करून घर उघडे ठेवले त्यांचे ऋणच मोठे आहे. मुंबई शहराने, सरकारने, श्रीमंत कलारसिकांनी त्या काळात पुढे येऊन हे घर उचलून का धरले नाही, याचे वाईट मात्र वाटते.

याच सुमारास मद्रासजवळ वेगळीच गोष्ट घडत होती. के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाटिकचे कापड आणि हस्तकलेच्या वस्तू विकून पैसा उभा केला आणि १९६६ मध्ये समुद्रकाठी सुमारे दहा एकर जमिनीवर चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसवले. जमीन कलावंतांची स्वतःची. ते गाव अजून आहे.

भुलाभाईंच्या बंगल्यातून उठलेले नाटकवाले ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये गेले. रंगायनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ काढली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. अरुण काकडे यांनी ती व्यवस्था वर्षानुवर्षे सांभाळली. छबिलदासबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले. त्याआधीच्या बंगल्याची आठवण त्या मानाने मागे पडली. शांता गोखले यांनी भुलाभाई, वालचंद टेरेस आणि छबिलदास या तिन्ही जागांचा मौखिक इतिहास २०१५ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात एकत्र आणला, म्हणून निदान तिथे वावरलेल्यांचे बोल तरी राहिले. चित्रकारांकडे पाहिले, तर अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या रकमेतून १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमाचा कॅमेरा हाताळणारे तिथे एकत्र आले. भुलाभाईंच्या बंगल्यात विद्यार्थिनी म्हणून खोली मिळालेल्या नलिनी मालाणी याही त्यांत होत्या.

हे सगळे सावर्ड्याच्या स्मरणिकेत लिहिण्यामागे एक सरळ हेतू आहे. आपल्याकडे कलाशिक्षण आहे, जवळच डेरवणला शिवसृष्टीसारखे भव्य शिल्पकाम लोक लांबून पाहायला येतात, रेल्वे दाराशी आहे. आणि आपल्याकडे बंद घरे आहेत. चिपळूण, संगमेश्वर, गुहागर तालुक्यांतल्या कुठल्याही वाडीत जा: जांभ्याच्या जोत्यावरचे, पुढे ओटी, मागे पडवी, वर माडी असलेले घर, दाराला कुलूप, किल्ली शेजाऱ्याकडे. गणपतीला आणि शिमग्याला उघडते, आठवडाभर दिवे लागतात, पुन्हा बंद. वापर नसला की वाळवी आधी येते आणि छप्पर नंतर बसते.

अशा एका घरात तीन खोल्या मिळाल्या तरी सुरुवात होईल. माडीवर उत्तरेचा उजेड येणारी खोली चित्रकाराला. मातीचे ओझे पेलेल अशी जमिनीलगतची पडवी शिल्पकाराला. माजघर तालमीला नाहीतर लिहिणाऱ्याला. पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरते, तैलरंग लवकर सुकत नाहीत, तेव्हा चित्रकारांनी दिवाळी ते मे राहावे आणि पावसाचे चार महिने घर नाटकवाल्यांना आणि लेखकांना द्यावे. निवड करताना पदविका घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी एक खोली राखून ठेवावी. प्रदर्शनाची सक्ती नको, चित्रांचा हिस्सा मागणे नको.

वॉर्डन रोडवर जे राहून गेले ते इथे पहिल्या दिवशी करावे. सातबाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या सात-आठ हिस्सेदारांची नावे असतात. त्या सगळ्यांच्या सहीने किमान दहा वर्षांचा लेखी करार व्हावा. दर मे महिन्यात कौले परतण्याचा, विजेचा आणि देखभालीचा खर्च कोण करणार हे त्यात नमूद असावे. एखादी संस्था किंवा गावातल्या पाच जणांचे विश्वस्त मंडळ त्याला जबाबदार असावे, म्हणजे एक माणूस गेला तरी दार उघडे राहील. असे घर देण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी आणि कराराचा मसुदा करून देऊ शकतील अशा वकील मित्रांनीही, स्मरणिका समितीशी बोलावे. पहिले घर मिळाले, तर पहिला चित्रकार येत्या दिवाळीनंतर तिथे राहायला जाऊ शकतो.